अजाणतां घडलेला अपराध

गेल्या उन्हाळ्यांत एका खेड्यांतील मंडळीमध्यें उपासना आटोपल्यावर आम्ही मंदिराच्या ओट्यावर बसलों होतों. त्या दिवशींचा शास्त्रपाठ लेवीय पुस्तकाच्या चवथ्या अध्यायांतील होता. अजाणतां पाप घडलें असतां इस्राएल लोकांनीं कोणतें अर्पण आणावें, ह्याचा विधि त्या अध्यायांत सांगितला आहे. आणि खरें सांगावयाचें तर असा पाठ चालला असतां मंडळी बहुधा जांभया देते. त्या दिवशीं मात्र एक वृद्ध सभासद मागें राहिले. वय पंचाहत्तरीच्या पुढें, जन्म सारा शेतींत गेलेला. इकडच्यातिकडच्या दोन गोष्टी झाल्यावर ते म्हणाले, "पाळकसाहेब, माणसाला ठाऊक नसतां त्याच्या हातून वाईट घडलें, तर तें देवाच्या वहींत लिहिलें जातें का?"

आम्हांस वाटलें, भाऊबंदकीची कांहीं बाब असेल. परंतु त्यांच्या मनांत होतीं तीं गिधाडें.

सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं त्यांचा एक बैल पायानें अधू झाला. सांधा सुजला, जनावर रात्रभर कण्हत राही. त्यांनीं तालुक्याच्या गांवाहून गुरांचा डॉक्टर आणला. त्यानें सुई टोचली, बैलाला आराम पडला आणि तो उठून चारा खाऊं लागला. पण दुखणें आंत मुरलेलें होतें. दुसऱ्या दिवशीं पुन्हां सुई दिली, आणि तिसऱ्या दिवशीं पहांटे बैल गेला. रीतीप्रमाणें तो ओढ्याच्या वळणावर नेऊन टाकला. त्या काळीं गिधाडें विरळ झालीं होतीं, तरी दहाबारा उतरलीं आणि त्यांनीं आपलें काम केलें. पुढें चारसहा दिवसांनीं हे गृहस्थ ओढ्याकडे गेले, तों करंजाच्या झाडावर तीन गिधाडें माना खालीं लोंबत ठेवून बसलेलीं, आणि झाडाखालीं दोन मेलेलीं. "त्यानंतर आमच्या शिवारांत मीं गिधाड पाहिलें नाहीं," ते म्हणाले. त्या वेळीं ह्याचा अर्थ त्यांस कळला नाहीं. परवां नातवानें कोठेंसें वाचलेलें त्यांस सांगितलें, आणि तेव्हांपासून त्यांस धड झोंप नाहीं. "मीं जनावरावर दया केली हो. मग हें पाप कोणाचें?"

त्या दिवशीं आम्हीं दिलेलें उत्तर आमचें आम्हांसच पुरें वाटलें नाहीं. म्हणून तो प्रश्न येथें सर्व वाचकांपुढें मांडीत आहों.

आमच्या तरुण वाचकांपैकीं पुष्कळांनीं गिधाड पाहिलेंच नसेल. तेव्हां प्रथम त्याच्याविषयीं चार शब्द. चाळीस वर्षांपूर्वीं गांवाबाहेर ढोर टाकलें, कीं घटकाभरांत आकाशांत एक ठिपका दिसे. तें एक गिधाड खालीं वळलेलें पाहून कोसभर दूर घिरट्या घालणारें दुसरें वळे, दुसऱ्यास पाहून तिसरें; अशा रीतीनें निरोप न धाडतां निरोप पोंचे आणि पाहतां पाहतां पन्नाससाठ पक्षी जमत. त्यांचें तें भांडण, ते फूत्कार आणि पंखांची फडफड हें दृश्य कांहीं सुंदर नव्हे. पण अर्ध्यापाऊण तासांत बैलाएवढ्या जनावराचीं हाडें उघडीं पडत, आणि दुर्गंधि सुटण्यापूर्वींच काम उरकलेलें असे. गिधाडाच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें, कीं कुजक्या मांसांतील बहुतेक रोगजंतु त्यांत मरून जातात. ज्या मांसाच्या एका घासानें माणूस अंथरुणास खिळेल, तें पोटभर खाऊन हा पक्षी पुन्हां आकाशांत सुखानें फिरे. मागें उरलेलीं हाडें गोळा करणारे लोक येत. त्यांवर त्यांचेंही पोट चाले.

आपल्याकडे मुख्यतः दोन जाती. पांढऱ्या पाठीचें गिधाड उंच झाडांवर घरटें बांधतें, आणि लांब चोचीचें गिधाड सह्याद्रीच्या कड्यांच्या कपारींत राहतें. दोन्ही जातींची मादी वर्षाला एकच अंडें घालते, आणि पिलूं वयांत येण्यास सुमारें पांच वर्षें लागतात. जो प्राणी इतक्या सावकाश वाढतो, त्याला मोठा घाला सोसत नाहीं, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

सन १९८० च्या सुमारास पांढऱ्या पाठीचें गिधाड हा मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकीं बहुधा जगांतील सर्वांत विपुल पक्षी होय, असें पक्षिशास्त्रज्ञ मानीत. पुढच्या दहापंधरा वर्षांत राजस्थानांतील भरतपूरच्या अभयारण्यांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभु प्रकाश ह्यांस झाडें ओस पडलेलीं दिसूं लागलीं. मग ठिकठिकाणीं मोजणी झाली. १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकीं हजारांत एक उरलें. लांब चोचीचीं आणि त्यांच्या जवळच्या सडपातळ चोचीच्या जातीचीं मिळून शंभरांत तीन. कोणीं बंदूक चालविली नव्हती, कोणीं जाळें टाकलें नव्हतें. आरंभीं शास्त्रज्ञांस एखाद्या सांथीचा संशय आला. शेवटीं पाकिस्तानांतील पंजाबांत लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी ह्यांनीं मेलेलीं गिधाडें उघडून पाहिलीं, तों आंतील इंद्रियांवर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर बसलेला. मूत्रपिंडें निकामीं झालीं होतीं. कारण म्हणजे डायक्लोफेनॅक, आमच्याआपल्या गुडघेदुखीवर मिळतें तेंच औषध. ही गोष्ट २००४ सालीं प्रसिद्ध झाली.

गाईबैलांस तें औषध मानवतें, माणसांसही मानवतें. गिधाडाच्या शरीरास मात्र तें पचवितां येत नाहीं. जनावर सुई दिल्यावर लवकर मेलें, तर औषधाचा अंश त्याच्या मांसांत राहतो. गणित करून असें दिसून आलें, कीं टाकलेल्या शंभर ढोरांपैकीं एकाहूनही कमी ढोरांत तो अंश असला, तरी सारी जात नाहींशी होण्यास तेवढें पुरें आहे. ह्याचें कारण मनन करण्याजोगें आहे. एका मढ्यावर पन्नास गिधाडें बसतात. परस्परांस पाहून एकत्र येण्याची जी संवय हजारों वर्षें त्यांच्या उपयोगीं पडली, तिनेंच एका सुईचें विष पन्नास मुखांत पोंचविलें. गोठ्यांतल्या एका कुपीचें आकाशांतल्या पक्ष्याशीं कांहीं नातें असेल, हें डॉक्टराच्याही स्वप्नीं नव्हतें, मग शेतकऱ्याच्या कोठून असणार?

आणि नात्यांची ती दोरी तेथेंच संपली नाहीं. गिधाडें गेलीं, पण ढोरें मरावयाचीं राहिलीं नाहींत. तीं ओढ्यांत कुजूं लागलीं, पावसाच्या पाण्याबरोबर ती घाण विहिरीनाल्यांत गेली. त्यांवर कुत्रीं पोसलीं. कुत्र्याला मढें पुरतें साफ करतां येत नाहीं. तें खातें, पसरवितें, आणि पिल्लें मात्र वर्षाला दहा देतें. १९९२ ते २००३ ह्या काळांत देशांतील कुत्र्यांची संख्या निदान पंचावन्न लाखांनीं वाढली, असा पशुगणनेवरून अभ्यासकांनीं काढलेला अंदाज आहे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानें मरणाऱ्या माणसांत गरिबांचीं मुलेंच पुष्कळ असतात, हें आमच्या खेड्यांतील दवाखान्यांस वेगळें सांगावयास नको. एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनीं, जेथें पूर्वीं गिधाडें विपुल असत ते जिल्हे आणि जेथें तीं कधींच फारशीं नव्हतीं ते जिल्हे, ह्यांतील मृत्यूंचे आंकडे ताडून पाहिले. त्यांचा निबंध २००४ नंतर वीस वर्षांनीं, म्हणजे २०२४ सालीं, प्रसिद्ध झाला. २००० ते २००५ ह्या काळांत गिधाडें नाहींशीं झाल्यामुळें सुमारें पांच लाख माणसें अधिक मेलीं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. हा हिशेब आहे. त्यांतील अमुक मृत्यु गिधाडाअभावीं झाला असें कोणाही एका घराचें नांव घेऊन म्हणतां येत नाहीं. पण हिशेब निम्मा धरला, तरी छाती दडपते. मुंबईस पारशी बांधवांवर तर निराळाच प्रसंग आला. मृतदेह पक्ष्यांच्या स्वाधीन करण्याचा त्यांचा प्राचीन धर्म. मलबार टेंकडीवरील दोखम्यांवर पक्षीच येईनात, तेव्हां त्यांस सूर्यकिरण एकवटणारीं यंत्रें बसवावीं लागलीं.

आतां त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळूं. आम्हीं त्या दिवशीं त्यांस म्हटलें होतें, "आबा, तुमचा हेतु चांगला होता, देव हेतु पाहतो, निश्चिंत असा." हें उत्तर खोटें नाहीं. शब्बाथ दिवशींही विहिरींत पडलेला बैल मनुष्य तत्काळ बाहेर काढतोच, असें प्रभूनें परूश्यांस बोलून दाखविलें, तेव्हां मुक्या जनावराची व्यथा हलकी करणें हें काम त्यास मान्यच आहे. त्या शेतकऱ्यानें बैलाला कण्हत ठेवावयास हवें होतें, असें कोण म्हणेल? परंतु "हेतु चांगला" एवढें म्हणून आपण मोकळे होतों काय? मेलेलीं पिलें हेतु विचारीत नाहींत. चावलेल्या मुलाच्या आईला हेतूनें समाधान मिळत नाहीं.

ह्या बाबतींत मोशेचें नियमशास्त्र आपल्याहून सूक्ष्म पाहतें, असें आम्हांस वाटतें. अनुवादाच्या एकोणिसाव्या अध्यायांत एका मनुष्याचें उदाहरण आहे. तो शेजाऱ्याबरोबर रानांत लांकडें तोडावयास जातो. घाव घालतांना कुऱ्हाडीचें पातें दांड्यांतून निसटतें आणि शेजाऱ्यास लागून तो मरतो. दोघांत वैर नव्हतें. हा मनुष्य खुनी आहे काय? शास्त्र म्हणतें, नाहीं. त्याचा जीव घेऊं नये. त्याच्यासाठीं आश्रयनगरें नेमून ठेवावीं, आणि तेथवरचे रस्ते नीट राखावे. पण त्याच शास्त्रांत, गणनेच्या पसतिसाव्या अध्यायांत, असेंही आहे कीं त्यानें आपल्या घरीं परत जावयाचें नाहीं. मुख्य याजक मरेपर्यंत त्या नगरांतच राहावयाचें. खुनी नव्हे, तरी कांहीं घडलेंच नाहीं अशा रीतीनें दुसऱ्या दिवशीं त्याच रानांत लांकडें तोडण्याची त्यास मोकळीक नाहीं. त्याच्यावर दोष नाहीं, पण त्याच्यावर कांहीं तरी आहे. लेवीयाच्या चवथ्या अध्यायांतील अर्पण हें ह्याच "कांहीं तरी"साठीं आहे.

त्यास आम्ही ऋण म्हणूं. दोष हा मनाचा असतो, ऋण हें घडलेल्या गोष्टीचें. बांध फुटून आमच्या शेताचें पाणी रात्रींतून शेजाऱ्याच्या उभ्या पिकांत गेलें, तर आम्ही झोंपेंत होतों म्हणून त्याचें पीक उभें राहत नाहीं. भला शेजारी सकाळीं आरडाओरड व्हावयाची वाट न पाहतां खोरें घेऊन बांधावर जातो. त्या वृद्ध गृहस्थांची झोंप उडाली, ही वेडी समजूत नव्हे. त्यांनीं आपल्या हातून घडलेल्याचा ठाव घेतला; आमच्या गुळगुळीत उत्तरापेक्षां त्यांची अस्वस्थताच शास्त्राला जवळची आहे. मात्र एक सांगितलें पाहिजे. सारी गिधाडें आपल्याच बैलानें मेलीं, असें ओझें एकानें आपल्या माथीं घेणें हेंही सत्याला सोडूनच होय. औषध करणारा, विकणारा, टोचणारा, मागणारा, असे लाखों हात त्यांत होते. लेवीयाच्या त्याच अध्यायांत सर्व मंडळीकडून मिळून अजाणतां घडलेल्या पापाचाही विधि वेगळा दिला आहे, हें येथें ध्यानांत यावें.

परंतु "ठाऊक नव्हतें" हें म्हणणें तरी एकाच प्रकारचें असतें काय? औषधाचा गुण गिधाडास बाधतो, हें २००४ पूर्वीं कोणासही ठाऊक नव्हतें. तें अज्ञान निर्दोष होय. पण गिधाडें कमी होत आहेत, हें तर डोळ्यांपुढें होतें. कोंबड्यांवर रोग पडला तर गांव दुसऱ्या दिवशीं दवाखान्यांत धांवतें. गिधाडें पंधरा वर्षें मरत होतीं आणि आम्हीं, होय, ह्या पत्राच्या पानांतून आम्हींही, त्याची विचारपूस केली नाहीं. कां? कारण तो पक्षी ओंगळ. त्याची मान बोडकी, त्याचें खाणें मढें, त्याचें ठिकाण गांवाबाहेर. "गिधाड" ही आमच्या भाषेंत शिवी आहे. ज्याची किळस येते, त्याच्याकडे आपण पाहत नाहीं. आणि ज्याच्याकडे पाहत नाहीं, त्याचें काय झालें हें आपल्याला ठाऊक नसतें. असें अज्ञान तिरस्काराच्या पोटीं जन्मतें, आणि त्यास निर्दोष म्हणण्यास आमचें मन धजत नाहीं.

ही गोष्ट आमच्या मंडळ्यांस लौकर कळावयास हवी होती. आमच्यांतील पुष्कळ कुटुंबांचे आजेपणजे गांवकुसाबाहेर राहत. गांवांत ढोर मेलें, कीं तें ओढून नेण्याची हांक त्यांच्या दारीं येई. सारा गांव त्या ढोराचें दूध प्याला असे, त्याच्या खांद्यावर शेत पिकलें असे. मेल्यावर मात्र तें विटाळाचें होई आणि ओढणाराही विटाळाचा ठरे. ओढ्याच्या त्या वळणावर माणूस आणि पक्षी असे दोघे मिळून गांवाचें आरोग्य राखीत होते, आणि गांव दोघांकडेही नाकाला पदर लावून पाहत होता. १९२७ सालीं महाडच्या परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं मृत ढोरांचें मांस सोडण्याविषयीं आपल्या लोकांस निक्षून सांगितलें. १९५८ च्या कायद्यानें महारकीचीं वतनें गेलीं. ख्रिस्ती मंडळींतही जातीचा वास लवकर गेला नाहीं, कांहीं ठिकाणीं अजून गेलेला नाहीं. तें लपवून काय उपयोग?

येथें एका कुतर्काला आधींच आडवें जाणें अवश्य आहे. कोणी म्हणेल, "पाहा, सृष्टींत ज्याचें त्याचें काम नेमलेलें आहे, गिधाडानें तें सोडलें आणि अनर्थ झाला, म्हणून समाजांतही ज्यानें त्यानें आपलें वाडवडिलांचें काम करावें." असें बोलणारे आम्हीं ऐकिले आहेत. हा युक्तिवाद मुळांतच नासका आहे. गिधाडाला देवानें त्याच्या कामासाठीं जठर दिलें, डोळे दिले, पंख दिले. तें आपल्या अन्नाकडे आनंदानें झेंप घेतें. माणसाला असें कांहीं जन्मतः देऊन कोणा एका जातीचा ढोरओढ्या निर्माण केलेला नाहीं. तें काम माणसांनीं माणसांच्या माथीं मारलें, आणि वर त्यास देवाची आज्ञा म्हटलें. सृष्टीची व्यवस्था एक आणि गांवगाड्याची व्यवस्था दुसरी. गिधाडाचा ऱ्हास पाहून आपण एवढेंच शिकावें, कीं ज्याच्या श्रमावर आपण जगतों त्याचा तिरस्कार केला असतां डोळे आंधळे होतात. हें शहरांतील गटारांत उतरणाऱ्या माणसाविषयींही तितकेंच खरें आहे. तेथें तर आजही माणसें गुदमरून मरतात, आणि दोन दिवसांनीं तें कोणाच्या स्मरणांत राहत नाहीं.

कळल्यानंतरची कथा ह्याहून दुःखद आहे. २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठीं डायक्लोफेनॅक करण्यास व विकण्यास मनाई केली. त्याच सुमारास मेलोक्सिकॅम नांवाचें औषध जनावराची वेदना शमवितें आणि गिधाडास अपाय करीत नाहीं, असेंही सिद्ध झालें. म्हणजे आतां दया आणि सावधपणा ह्यांचा झगडा उरला नाहीं; बैलही राखतां येत होता आणि पक्षीही. तरी काय झालें? माणसांसाठीं म्हणून मोठ्या बाटल्या निघत, त्या मागच्या दारानें गोठ्यांत जाऊं लागल्या, कारण त्या स्वस्त पडत. म्हणून २०१५ सालीं माणसांच्या सुईची बाटली तीन मिलिलिटरांहून मोठी नसावी, असा नियम करावा लागला. तोंवर तशाच घातक अशा दुसऱ्या कुप्या बाजारांत आल्या होत्या. त्यांपैकीं केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ह्यांवर २०२३ सालीं बंदी आली. ह्यांतील दुसरें तर जनावराच्या पोटांत गेल्यावर डायक्लोफेनॅकच बनतें. पहिल्या बंदीपासून ह्या बंदीपर्यंत सतरा वर्षें गेलीं. ह्या सतरा वर्षांत ज्यानें जाणून तीच सुई विकली, टोचली किंवा मागितली, त्याला आश्रयनगराची वाट दाखवितां येत नाहीं.

लूकाच्या बाराव्या अध्यायांत प्रभु दोन चाकरांविषयीं बोलतो. धन्याची इच्छा ठाऊक असून ती न करणाऱ्यास पुष्कळ फटके. ठाऊक नसतां फटक्यांजोगें कांहीं करणाऱ्यास थोडे. उपदेशांत आम्ही बहुधा पहिल्या चाकरावरच बोलतों. दुसऱ्याचे फटके थोडे आहेत, पण मुळींच नाहींत असें नाहीं, ही गोष्ट त्या वृद्ध गृहस्थांच्या प्रश्नापूर्वीं आमच्या ध्यानांत नीटशी आली नव्हती.

आणखी एक विचार मनांत घोळतो. वर आम्हीं माणसांच्या मृत्यूंचा हिशेब दिला. तो न देतां लेख लिहिला असता, तर किती वाचकांनीं पुढें वाचलें असतें? पण समजा, गिधाडें गेल्यामुळें एकही माणूस मेला नसता. तर त्यांच्यासाठीं हळहळण्याचें कारण उरलें नसतें काय? ईयोबाच्या ग्रंथांत परमेश्वर वावटळींतून बोलतो, तेव्हां ज्या प्राण्यांचा माणसास कवडीचा उपयोग नाहीं त्यांचेंही वर्णन तो अभिमानानें करितो. कड्यावर घरटें करणाऱ्या, दुरून भक्ष्य न्याहाळणाऱ्या आणि जेथें मृत पडले असतील तेथें जाणाऱ्या पक्ष्याचेंही. आमच्या बायबलांत त्या ठिकाणीं "गरुड" असा शब्द आहे. पण मूळचा इब्री शब्द नेशेर हा आहे, आणि तो बहुधा गिधाडाचा वाचक होय, असें अनेक विद्वानांचें मत आहे. मीखा संदेष्टा त्याच पक्ष्याच्या टकलाचा उल्लेख करितो, आणि गरुडाला कांहीं टक्कल नसतें. हें मत खरें असेल, तर देवाची वाट पाहणाऱ्यांस ज्या पंखांचें अभिवचन यशयाच्या चाळिसाव्या अध्यायांत आहे, आणि जें आम्ही प्रत्येक प्रेतसंस्काराच्या वेळीं वाचतों, ते पंख ओढ्याच्या वळणावरल्या त्या बोडक्या मानेच्या पक्ष्याचेच आहेत. नियमशास्त्रांतील अशुद्ध पक्ष्यांच्या यादींतही नेशेर अगदीं पहिला आहे. एकाच पक्ष्यास एका पानावर अशुद्ध आणि दुसऱ्या पानावर आशेचें चिन्ह म्हटलेलें पाहून आम्ही पुष्कळ वेळ पुस्तक मिटून बसलों होतों. अशुद्ध म्हणजे खाऊं नये. निर्मात्याला नकोसा, असा त्याचा अर्थ कधींच नव्हता. प्रभूनेंही देवाच्या सांभाळाचें उदाहरण म्हणून कावळे निवडले, आणि तेही त्याच यादींतले आहेत.

अजून सारें संपलेलें नाहीं, हें सांगण्यास आनंद वाटतो. हरयाणांत पिंजोर येथें गिधाडांची पैदास करण्याचें केंद्र चालू आहे. आमच्या महाराष्ट्रांत रायगड जिल्ह्याच्या म्हसळा व श्रीवर्धन ह्या बाजूस आणि नाशिक जिल्ह्यांत कांहीं गिधाडें टिकून आहेत. हरसूलजवळ खोरीपाडा येथें गांवकऱ्यांनीं आणि वनखात्यानें मिळून, मेलेलीं ढोरें गिधाडांसाठीं नेऊन टाकण्याची जागा राखली. तेथील लोक फार शिकलेले नाहींत. पण बांध फुटल्यावर खोरें घेऊन निघालेले ते शेजारी आहेत.

हा लेख लिहिण्यापूर्वीं आम्ही त्या वृद्ध गृहस्थांस पुन्हां भेटलों आणि वरील सर्व त्यांस सांगितलें. आश्रयनगराची गोष्ट त्यांनीं दोनदां सांगावयास लाविली. मग विचारलें, "त्या नगरांत राहून तो माणूस दिवसभर करी तरी काय?" शास्त्रांत तें लिहिलेलें नाहीं, असें आम्हीं सांगितलें. ते थोडा वेळ उगेच बसले, आणि नंतर आंतून औषधाची एक रिकामी कुपी घेऊन आले. त्यांच्या गाईला महिन्यापूर्वीं ताप आला होता; डॉक्टर सुई भरूं लागला तेव्हां त्यांनीं ती कुपी त्याच्या हातून मागून घेतली होती. अक्षरें बारीक, आणि त्यांचे डोळे आतां अधू. नातूही घरीं नव्हता. त्यांनीं ती आमच्यापुढें धरली आणि नांव वाचून दाखवावयास सांगितलें. आम्हीं चष्मा लावून वाचलें. मेलोक्सिकॅम होतें. "आतां शेजारच्या वस्तीवर कोणती टोचतात, तें विचारून येतों," असें म्हणून त्यांनीं कोपऱ्यांतली काठी घेतली.